पाचव्यातून चौथा टाकायला गेलात आणि दुसरा पडला: इंजिनचं काय बिघडलं असेल, ते कसं तपासायचं

प्रसंग बहुधा ठरलेला असतो. हायवेवर ट्रक मागे टाकायचा असतो किंवा घाट उतरताना वेग आवरायचा असतो. पाचव्यातून चौथा टाकायचा म्हणून दांडी मागे ओढली, क्लच सोडला आणि चौथ्याच्या जागी दुसरा पडला. इंजिन किंचाळतं, आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात जातो, गाडी अशी अडते की मागे बसलेले सगळे सीटबेल्टवर येतात. पाय आपोआप परत क्लचवर जातो. हे सगळं सेकंदभरात आटोपतं, पण त्यानंतरची धास्ती आठवडाभर पुरते. वाकलेले व्हॉल्व्ह (इंजिनातल्या झडपा), फुटलेलं इंजिन, लाखाचं बिल अशा गोष्टी रात्री डोक्यात फिरत राहतात.

आपण घाबरतो ते आवाजाला, आणि इंजिनचं नुकसान होतं ते फेऱ्यांनी, म्हणजे इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं त्याने (आरपीएम). आवाजावरून फेऱ्यांचा अंदाज साफ चुकतो, कारण एरवी अडीच-तीन हजारांवर गाडी चालवणाऱ्याला साडेपाच हजारांचा आवाजसुद्धा जगबुडी वाटते. फेऱ्या किती झाल्या असतील हे मात्र कागदावर काढता येतं. तो आकडा हातात आला की निम्म्याहून जास्त लोकांची काळजी तिथेच मिटते. ज्यांची मिटत नाही, त्यांना नेमकं काय तपासून घ्यायचं ते कळतं.

गाडी अजून रस्त्यावर असेल तर

क्लच पूर्ण दाबा आणि दांडी न्यूट्रलला आणा. दोन्ही करायचं. नुसता क्लच दाबून दुसरा गिअर तसाच ठेवला, तर इंजिन सुटतं पण क्लच प्लेट सुटत नाही. ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेली असते, त्यामुळे चाकं तिला त्याच भन्नाट वेगाने फिरवत राहतात. ११०च्या वेगात दुसरा गिअर अडकवून क्लच दाबून गाडी घरंगळत ठेवली, तर इंजिन शांतपणे आयडलवर असतानाही प्लेटचं लायनिंग उडू शकतं. हे फारसं कुणी सांगत नाही.

किल्ली बंद करू नका. चालत्या गाडीत इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते. आरसा बघा, हलका ब्रेक लावा, वेगाला साजेल तो गिअर टाका आणि पुढे जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे डावीकडे थांबा. बोरघाटाच्या उतारावर किंवा कशेडीच्या वळणावर लगेच थांबायचा हट्ट नको. इंजिन नीट चालत असेल तर सपाटीला या, मग थांबा. फक्त तांबडा ऑइलचा दिवा लागला असेल किंवा खालून ठोकल्यासारखा आवाज येत असेल, तर मिळेल त्या कडेला घेऊन इंजिन बंद करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर मदतीचा नंबर १०३३.

थांबल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा मिनिट आयडलवर ऐका. त्या अर्ध्या मिनिटात बरंच कळतं. काटा ७५०-८५०च्या आसपास स्थिर आहे का? स्टिअरिंगला आधी नव्हती अशी थरथर आहे का? पिवळा चेक इंजिनचा दिवा लागला आहे का, आणि लागला असेल तर स्थिर आहे की लुकलुकतोय? स्थिर असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकत असेल तर एखादा सिलेंडर मिसिंग करतोय आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जातंय. तो तापून कामातून जाण्याआधी इंजिन बंद करा.

मग बोनेट उघडा. फॅन बेल्ट जागेवर आहे का, कूलंटचा एखादा पाइप सुटलाय का, खाली ऑइल ठिबकतंय का, एवढंच बघायचं. क्लचचा जळका वास येत असेल तर त्याने फार बिचकू नका, अशा झटक्यात क्लच थोडा घसरतोच. खरं तर तो घसरला हे बरंच झालं, कारण तेवढा मार इंजिनला कमी बसला.

इंजिन त्या झटक्यात स्वतःच बंद पडलं असेल तर जरा सावध. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, क्लच दाबा, किल्ली एकदाच फिरवा आणि स्टार्टरचा आवाज लक्ष देऊन ऐका. धडधाकट चार सिलेंडर इंजिनात स्टार्टरचा ठेका सारखा असतो, प्रत्येक ठोक्याला तेवढाच जोर लागतो. एका सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतली हवा दाबून धरण्याची ताकद) गेलं असेल तर दर चौथा ठोका हलका पडतो आणि ठेका लंगडतो. सगळाच आवाज हलका, भरभर आणि बिनजोराचा आला तर टायमिंग गेलंय, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ चुकलाय. नुसतं 'टक' होऊन थांबलं आणि बॅटरी चांगली आहे, तर आत काहीतरी अडकलंय. या तिन्हींत पुन्हा किल्ली फिरवायची नाही, धक्का मारून तर मुळीच सुरू करायची नाही. टोइंग बोलवा. वाकलेला एक व्हॉल्व्ह आणि भोक पडलेला पिस्टन यांतला फरक पुष्कळदा 'बघू, आणखी एकदा मारून' यानेच पडतो.

रेव्ह लिमिटर होता ना, मग?

हा प्रश्न हमखास येतो. लिमिटर म्हणजे कंप्युटरने ठराविक फेऱ्यांना इंधन किंवा स्पार्क तोडणं. तुम्ही न्यूट्रलमध्ये किंवा पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर तळाला नेलात, तर तो तुम्हाला वाचवतो. तिथे फेऱ्या इंधनाच्या जोरावर वाढत असतात, इंधन तोडलं की थांबतात. चुकीचा गिअर पडतो तेव्हा फेऱ्या चाकं वाढवतात. हजार-बाराशे किलोची गाडी रस्त्यावरून धावतेय, चाकं गिअरबॉक्समधून क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) फिरवतायत. कंप्युटरने इंधन तोडलं तरी चाकांना त्याचं काही नाही. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यानेही काही होत नाही. एकच उपाय असतो, क्लच.

ऑटोमॅटिक आणि एएमटीवाल्यांना (क्लच-गिअरचं काम कंप्युटर करतो अशा गाड्या) ही काळजी जवळजवळ नाही. पॅडल दाबून खालचा गिअर मागितला आणि फेऱ्या मर्यादेबाहेर जाणार असतील, तर कंप्युटर सरळ नकार देतो.

आता हिशोब

तीन गोष्टी आठवा आणि लगेच लिहून ठेवा. वेग किती होता, पडला तो गिअर कोणता, आणि क्लच पूर्ण सुटला होता की अर्ध्यावर असतानाच पाय परत गेला. उद्यापर्यंत थांबलात तर वेग मनातल्या मनात दहा-वीसने वाढलेला असतो.

एकाच गिअरमध्ये, क्लच पूर्ण सुटलेला असताना, वेग आणि फेऱ्या एकाच प्रमाणात वाढतात. ४०ला २,७०० फेऱ्या असतील तर ८०ला ५,४००. बस, एवढंच गणित. रिकाम्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये ३० किंवा ४०चा वेग स्थिर धरा, शेजारच्याला काटा वाचायला सांगा. तसंच पहिल्या आणि तिसऱ्यात करा. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो म्हणून काळजी नको. दोन्ही वेळा वाचन त्याच स्पीडोमीटरवरचं असल्याने चूक आपोआप कटते. स्वस्त मॉडेलमध्ये आरपीएमचा काटाच नसेल, तर ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या खाचेत) लावायचा छोटा ब्लूटूथ रीडर आणि मोबाइलवरचं ॲप हे काम करतं. काही कंपन्या, त्यांत मारुती सुझुकीही, गाडीसोबतच्या पुस्तिकेत कोणत्या वेगाच्या वर कोणता गिअर खाली टाकू नये हे देतात. ती पुस्तिका ग्लव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडून असते, हा भाग वेगळा.

अंदाजासाठी साधारण १,२०० सीसीची, पाच गिअरची पेट्रोल हॅचबॅक घेऊ. अशा गाडीत दर हजार फेऱ्यांना पहिल्यात ८, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २२, चौथ्यात २९ आणि पाचव्यात ३७ किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. लाल पट्टा ६,३०० धरू.

९०च्या वेगात पाचव्यात इंजिन साधारण २,४०० फेऱ्यांवर असतं. चौथा नीट पडला असता तर ३,१००. दुसरा पडला तर ६,०००. म्हणजे कानठळ्या बसल्या, अंगाला घाम फुटला, आणि इंजिन अजून कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या आतच आहे. १००ला हाच आकडा ६,७०० होतो, पट्ट्याच्या थोडा बाहेर. ११०ला ७,३०० आणि १२०ला ८,०००. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला कारला १००ची मर्यादा आहे, ती पाळणाऱ्याचा हिशोब इथे बराच हलका निघतो.

पहिला गिअर हे वेगळं प्रकरण आहे. चौथ्यातून तिसरा टाकताना दांडी डावीकडे दाबली गेली तर पहिला पडू शकतो. ६०लाच ७,५०० फेऱ्या, ८०ला १०,०००. सुदैवाने या वेगाला पहिला सहज आत जात नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आता उलट बाजू. चौथ्यातून पाचवा टाकताना तिसरा पडला, ही चूक बऱ्याचदा होते आणि लोक तिलाही तेवढेच घाबरतात. १००ला तिसरा म्हणजे साडेचार हजार फेऱ्या. विसरून जा. तिसऱ्यातून चौथा टाकताना ६५ला दुसरा पडला तर सव्वाचार-साडेचार हजार. हेही विसरून जा.

डिझेलवाल्यांनी मात्र हेच आकडे डोळे मिटून घेऊ नयेत. डिझेल इंजिनांचा लाल पट्टा साडेचार ते पाच हजारांवरच सुरू होतो. वरच्यासारख्याच गिअरच्या डिझेल गाडीत दुसऱ्या गिअरची मर्यादा ७५च्या आसपास संपते. त्यामुळे पेट्रोलला निरुपद्रवी ठरलेली ९०ची चूक डिझेलला महागात पडू शकते.

निघालेला आकडा ही कमाल समजा. इंजिनला तीन हजारांवरून सात हजारांवर चढायला क्षणभर तरी लागतो. त्या क्षणात क्लच घसरतो, पुढचे टायर चीं करतात, गाडीचा वेगही उतरतो. पाय झटक्यात परत गेला असेल तर इंजिन तिथवर पोचलेलंच नसतं. काटा डोळ्यांनी कुठे दिसला यावरही फार विसंबू नका, तो मागे राहतो.

जास्त फेऱ्यांनी नेमकं काय होतं

६,००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला दोनशे वेळा थांबून उलट फिरतो. त्याला थांबवणारा आणि खेचणारा कनेक्टिंग रॉड, त्याचे बोल्ट आणि बेअरिंग यांच्यावरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ६,३००च्या जागी ७,३०० झाल्या तर फेऱ्या सोळा टक्के वाढल्या, ताण मात्र पस्तीस टक्के वाढला. ८,०००ला ताण साठ टक्के जास्त. १०,०००ला अडीचपट. म्हणून १००ची चूक आणि १२०ची चूक ऐकायला जवळची वाटली तरी इंजिनसाठी त्यांच्यात खूप अंतर आहे.

पेट्रोल इंजिनात बहुतेक वेळा आधी शरण जातात ते व्हॉल्व्हचे स्प्रिंग. व्हॉल्व्ह कॅम (फिरणाऱ्या दांड्यावरचा उंचवटा) उघडतो, पण बंद स्प्रिंग करते. फेऱ्या फार वाढल्या की स्प्रिंगला तेवढ्या वेळात व्हॉल्व्ह परत आणता येत नाही, तो उघडा तरंगत राहतो. आजच्या बहुतेक इंजिनांत पिस्टन वर येण्याची आणि व्हॉल्व्ह खाली उतरण्याची जागा एकच असते, फक्त वेळ वेगळी. वेळ चुकली की धडक होते. व्हॉल्व्ह केसभर जरी वाकला तरी तो नीट बसत नाही आणि त्या सिलेंडरचं कॉम्प्रेशन गळतं. क्रँक आणि कॅम यांना जोडणारी टायमिंग चेन किंवा बेल्ट एखाद्या दात्याने सरकला तरी परिणाम तोच, आणि बहुधा एकापेक्षा जास्त सिलेंडरमध्ये.

यातून एक दिलासाही निघतो. व्हॉल्व्ह वाकला असेल तर तो महिनाभर लपून बसत नाही. आयडल थरथरतं, पिकअप पडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, त्याच दिवशी. त्या घटनेनंतर गाडी दोनशे किलोमीटर गुळगुळीत चाललीय, आयडल स्थिर आहे, दिवा नाही, तर व्हॉल्व्हची काळजी तुम्ही उगाच वाहताय. उशिरा बोलणारं असतं ते बेअरिंग आणि टायमिंग चेन, म्हणून पुढची पाळत त्यांच्यावर ठेवायची.

आकडा बघून काय करायचं

हे माझे ठोकताळे आहेत, कुठल्या कंपनीचे नियम नव्हेत. पण यांवरून निर्णय घ्यायला सोपं जातं.

आकडा लाल पट्ट्याच्या आत असेल तर काही करू नका. ऑइलची पातळी बघा, तीही एरवी बघायला हवीच म्हणून.

पट्ट्याच्या वर दहा टक्क्यांपर्यंत असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर गॅरेजला धाव घ्यायची गरज नाही. कंपन्या पट्टा आखताना थोडी गुंजाइश ठेवतात. पुढे सांगितल्याप्रमाणे आठवडाभर पाळत ठेवा.

दहा ते वीस टक्क्यांच्या मध्ये असेल तर गाडी सुरळीत वाटली तरी स्कॅन आणि कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. फार तर अर्ध्या दिवसाचं काम, आणि मन शांत होतं.

वीस टक्क्यांच्या वर असेल आणि क्लच पूर्ण सुटला होता असं नक्की आठवत असेल, तर गाडी चालवत नेऊ नका. उचलून न्या.

इंजिन त्या वेळी थंड होतं, ऑइल बदलायला झालं होतं किंवा पातळी कमी होती, तर एक पायरी जास्त काळजीची धरा.

आठवडाभराची पाळत

सकाळचा पहिला स्टार्ट सर्वांत बोलका. बोनेट उघडं ठेवून दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही इंजिनच्या चेनच्या बाजूला कान द्या. सुरू होताच दोन-तीन सेकंद साखळी डब्यावर घासल्यासारखी खरखर येत असेल आणि ती आधी नव्हती, तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर ढिला झालाय. वरच्या भागातून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्या मधला भाग). हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनात ती काही मिनिटांत जाते, तशी गेली तर सोडून द्या. खालून, ऑइल चेंबरच्या बाजूने येणारी जाड ठकठक, जी ॲक्सिलरेटर किंचित दाबल्यावर वाढते, ती बेअरिंगची. तिच्यावर चर्चा नको, इंजिन बंद.

डिपस्टिक एक दिवसाआड, गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. पातळी बघाच, पण पुसण्याआधी थेंब पांढऱ्या कागदावर घेऊन उन्हात तिरका धरून बघा. काळं ऑइल म्हणजे काही वाईट नाही. काळ्यात चमचमणारी बारीक चंदेरी किंवा तांबूस कणी दिसली तर वाईट. मेकॅनिक कधी कधी लोहचुंबक फिरवून 'काही चिकटत नाही, इंजिन ओके' म्हणतो. बेअरिंगवरचा थर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा असतो, तो चुंबकाला चिकटतच नाही. शंका असेल तर ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या आणि जुना फिल्टर कापायला सांगून आतला कागद समोर पसरून बघा. ऑइल बदलण्याचा हा खरा फायदा. नुसतं नवीन ऑइल घालून झालेलं नुकसान भरून येत नाही.

गिअरबॉक्सकडेही लक्ष द्या. जबरदस्तीने दुसरा पडला असेल तर त्याच्या सिंक्रो रिंगने (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) मार खाल्लेला असतो. नंतर दुसरा टाकताना करकर येत असेल तर ती तिथली. गाडी उठताना क्लच थडथडतो का, हेही बघा.

गॅरेजमध्ये काय मागायचं

'गाडी बघा जरा' असं म्हणू नका. मेकॅनिकला वेग, गिअर आणि निघालेला आकडा सांगा. लपवण्यात अर्थ नाही, कारण न सांगता तो भलतीकडेच शोधत बसेल.

पहिलं काम स्कॅन, म्हणजे गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणं. पी०२१९ हा कोड म्हणजे इंजिन मर्यादेबाहेर फिरल्याची नोंद. तो सगळ्या गाड्यांत पडतोच असं नाही, म्हणून तो नसणं हे निर्दोषत्वाचं प्रमाणपत्र नव्हे. जास्त कामाचे ते पी०३०० आणि पी०३०१ ते पी०३०४, म्हणजे मिसिंग आणि ते कोणत्या सिलेंडरमध्ये, आणि पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकलाय, चेन सरकली असावी. पोर्श ९११च्या ९९७ पिढीत कंप्युटर पट्ट्यापलीकडच्या फेऱ्या सहा टप्प्यांत मोजून ठेवतो आणि जुनी गाडी घेणारे तो कागद आधी मागतात. आपल्या रोजच्या गाड्यांत असा हिशोब ठेवलेला नसतो, त्यामुळे 'कंपनीला कळेल का' या भीतीपेक्षा 'मला कळेल का' हा प्रश्न मोठा.

दुसरं, कॉम्प्रेशन टेस्ट. ती नीट करायची पद्धत आहे आणि घाईत अर्धवट केली तर आकडे फसवे येतात. इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले, इंधन तोडलेलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. पेट्रोलमध्ये साधारण ११ ते १४ बार येतात, डिझेलमध्ये पंचवीस-तीसच्या आसपास. नेमका आकडा किती यापेक्षा सिलेंडरांमध्ये फरक किती हे महत्त्वाचं. तीन सिलेंडर १३वर आणि एक ८वर, तर गोष्ट स्पष्ट आहे. मग त्या कमी असलेल्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगची गळती, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. आकडे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद स्वतःकडे ठेवा.

कॉम्प्रेशन कमी आलं तर लीक-डाउन टेस्ट. सिलेंडरमध्ये हवा भरून सूं आवाज कुठून येतो ते ऐकायचं. एअर फिल्टरच्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, डिपस्टिकच्या नळीतून आला तर रिंग. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालूनही पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा उमटलाय का, ते दिसतं.

एवढं झाल्याशिवाय 'हेड उघडावं लागेल' याला हो म्हणू नका. हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडणं म्हणजे गॅस्केट, बोल्ट, फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) आणि मोठी मजुरी. कॉम्प्रेशन चारही सिलेंडरला सारखं असेल, कोड नसेल, आवाज नसेल, तर हेड उघडायचं कारणच नाही. 'एकदा बघून घेऊ' हे त्याला कारण होत नाही.

विम्याबद्दल दोन वाक्यं. नेहमीच्या मोटार विम्यात यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे अपघात न होता असं इंजिन गेलं तर दावा बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन घेतलं असेल तर पॉलिसीतलं त्याचं कलम वाचा, ते बहुधा पाणी शिरणं आणि ऑइल गळणं यांच्यापुरतंच असतं.

पुन्हा होऊ नये म्हणून हात कसा ठेवायचा

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून पहिला-दुसरा आपल्यापासून लांब, तिसरा-चौथा मध्ये आणि पाचवा आपल्या बाजूला. दांडीला आत स्प्रिंग असते, ती सोडलेली दांडी तिसऱ्या-चौथ्याच्या रेषेत आणून ठेवते. पाचव्यातून चौथा टाकताना चूक होते ती याच ठिकाणी. स्प्रिंग दांडीला डावीकडे नेतच असते, आपण मूठ घट्ट आवळून आणखी डावीकडे ढकलतो आणि दांडी चौथ्याची रेषा ओलांडून दुसऱ्याच्या तोंडाशी जाते.

म्हणून मूठ आवळायची नाही. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळवा नॉबच्या आपल्याकडच्या बाजूला लावून ढकला. पाचव्यासाठी पलीकडून बोटांनी ओढा. तिसऱ्या-चौथ्यासाठी तळवा वरून सैल ठेवा आणि फक्त पुढे किंवा मागे, बाजूला अजिबात जोर नाही. पाचव्यातून चौथा दोन टप्प्यांत टाका. आधी पुढून मागे न्यूट्रलपर्यंत आणा, तिथे पापणी लवेल इतका वेळ सोडा, स्प्रिंग तिचं काम करेल, मग सरळ मागे ओढा. सवय झाली की या थांबण्याला वेळ लागतोय हेही जाणवत नाही.

दांडी अडली तर ऐका. वर पहिल्या गिअरबद्दल म्हटलं ते हेच. सिंक्रो रिंगला गिअर आणि शाफ्ट यांच्या वेगातला फरक मिटवावा लागतो आणि फरक जितका मोठा तितकी ती दांडीला जास्त अडवते. ९०ला चौथा लोण्यासारखा आत जातो, दुसरा अडतो, पहिला तर दाद देत नाही. म्हणजे क्लच सोडण्याच्या आधीच दांडी सांगत असते की भलता गिअर आहे. एरवी सहज पडणारा गिअर आज जोर मागतोय, तर जोर लावू नका, न्यूट्रलला या आणि पुन्हा टाका. क्लच धाडकन सोडायची सवय असेल तर तीही बदला. सावकाश सोडताना फेऱ्या अपेक्षेबाहेर चढायला लागल्या की पाय मागे घ्यायला वेळ मिळतो. आणि आधी ब्रेक, मग गिअर. गिअर टाकूनच वेग मारायचा हा हट्ट चुकीच्या गिअरची किंमत वाढवतो.

पण म्हणून घाटात खालचा गिअर टाळून नुसत्या ब्रेकवर उतरणं, ही भलतीच सुधारणा झाली. ताम्हिणी किंवा आंबोली उतरताना ब्रेक तापून ढिले पडले तर त्यापुढे इंजिनची चिंता क्षुल्लक आहे. घाट सुरू होण्याआधीच, सपाटीवर वेग उतरवून, तिसरा टाकून मगच उताराला लागा. ओल्या रस्त्यावर हे आणखी महत्त्वाचं. अचानक पडलेल्या खालच्या गिअरने इंजिनला काही झालं नाही तरी चाकं घसरू शकतात. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची अशा वेळी शेपूट फिरते.

शेवटी गाडीचीही एक तपासणी आहे, घरीच करता येते. इंजिन बंद, क्लच दाबलेला, दांडी न्यूट्रलला. दांडी पूर्ण डावीकडे नेऊन सोडा, मग पूर्ण उजवीकडे नेऊन सोडा. दोन्ही वेळा ती आपोआप मध्ये येऊन थांबली पाहिजे आणि तिथून सरळ पुढे तिसरा, सरळ मागे चौथा पडला पाहिजे. जिथे सोडली तिथेच लोळत राहत असेल किंवा गिअरमध्ये असतानाही बोट-दोन बोटं हलत असेल, तर दोष तुमच्या हातात नाही. लिंकेजचे (दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीचे) बुश झिजलेत, केबलची सेटिंग हललीय किंवा आतली स्प्रिंग थकलीय. इंजिनचं माउंटिंग (रबरी आधार) बसलं असेल तरी झटक्यासरशी दांडी जागा बदलते. बुश आणि केबलचं काम इंजिनच्या मानाने किरकोळ आहे. ते झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी गॅरेजच्या दारातच ही डावी-उजवी चाचणी पुन्हा करून बघा.